शब्दकोड्याचे जनक आर्थर विन

दैनिक हाती पडताच प्रथम शब्दकोड्याचे पान उघडणारे वाचक देशातील अनेक भाषांमध्ये आढळतात. मात्र हे कोडे सर्वप्रथम रचणारे आर्थर विन यांचे नाव त्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते.

विन यांचा जन्म २२ जून १८७१ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे झाला. वडील वृत्तपत्राचे संपादक असल्याने छापील शब्दाशी त्यांचा परिचय घरातच झाला. तरुणपणीच ते अमेरिकेत गेले. पिट्सबर्ग येथे काही काळ काम केल्यानंतर ते 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या दैनिकात रुजू झाले. तेथे 'फन' या रविवारच्या पुरवणीसाठी कोडी रचण्याचे काम त्यांच्याकडे होते.

१९१३ च्या नाताळसाठी काही नवे हवे होते. शब्दचौकटींच्या जुन्या खेळाचा आधार घेऊन विन यांनी एक आकृती आखली आणि २१ डिसेंबर १९१३ रोजी ती 'वर्ड-क्रॉस' या नावाने प्रसिद्ध झाली. तिचा आकार शंकरपाळ्यासारखा असून मध्यभाग मोकळा होता; काळे चौकोन नव्हते. प्रत्येक सूचनेपुढे शब्दाच्या आरंभाचा आणि अखेरचा असे दोन क्रमांक दिले होते. वर 'फन' हा पुरवणीच्या नावाचा शब्द आधीच भरलेला होता.

या कोड्यातील शब्दसंग्रह विलक्षण होता. 'सिंह', 'संध्याकाळ' अशा अर्थांच्या नेहमीच्या शब्दांच्या शेजारी मुठीसाठी 'नीफ', एक या अर्थी 'टेन' असे बोलीतील शब्द होते. गोमुती नावाच्या ताडाच्या धाग्यासाठी 'डो' हा तीन अक्षरी शब्द वापरला होता. सुगंधी वनस्पतीसाठी आलेला 'नार्ड' हा शब्द तर आपल्याकडील जटामांसीशी नाते सांगणारा आहे. 'डव्ह' हा शब्द दोनदा आला होता. एकदा पक्षी म्हणून आणि एकदा कबूतर म्हणून. आडव्या-उभ्या शब्दांत एकच अक्षर सामाईक ठेवायचे असल्याने रचनाकाराला अखेरीस शब्दकोशाच्या कोपऱ्यातील शब्दांकडे वळावे लागते. पहिल्याच कोड्यात ही अडचण उघड झाली होती.

काही आठवड्यांतच खिळे जुळवताना नावातील दोन शब्दांची अदलाबदल झाली आणि 'क्रॉस-वर्ड' हे नाव रूढ झाले. मुद्रणदोष मात्र वारंवार होत राहिले. १९२० च्या दशकाच्या आरंभी मार्गारेट पेदरब्रिज या तरुण सहकाऱ्याकडे कोड्यांचे काम आले. त्यांनी प्रत्येक कोडे छापण्यापूर्वी तपासण्याची शिस्त आणली. आकृती समतोल असावी, सर्व शब्द परस्परांत गुंफलेले असावेत आणि अपरिचित शब्द कमीत कमी असावेत, हे संकेत पुढे त्यांच्या संपादनातून दृढ झाले.

१९२४ मध्ये सायमन आणि शुस्टर या नवोदित प्रकाशकांनी शब्दकोड्यांचे पहिले पुस्तक काढले. त्याच्यासोबत एक पेन्सिल दिली होती. पुस्तकाला प्रचंड मागणी आली आणि देशभर कोड्यांचे वेड पसरले. त्याचे संपादन पेदरब्रिज आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी केले होते. विन यांचे नाव संपादकांमध्ये नव्हते. आपल्या निर्मितीचे हक्क विन यांना कधीच मिळाले नाहीत, त्यामुळे या भरभराटीत त्यांचा आर्थिक वाटाही नव्हता.

आरंभी या छंदाची टिंगल करणाऱ्या 'न्यूयॉर्क टाइम्स'नेही १९४२ मध्ये शब्दकोडे सुरू केले आणि त्याचे संपादन पेदरब्रिज, म्हणजे विवाहानंतरच्या मार्गारेट फरार, यांच्याकडेच सोपवले. त्यानंतर तीन वर्षांनी, १४ जानेवारी १९४५ रोजी, फ्लोरिडातील क्लिअरवॉटर येथे विन यांचे निधन झाले.

विन यांची आकृती पुढे इतर लिप्यांनीही आपलीशी केली. मराठी कोड्यात काना, मात्रा, वेलांटी किंवा जोडाक्षर यांसह संपूर्ण अक्षर एकाच चौकोनात बसते, त्यामुळे शब्द थोड्या जागेत मावतात. पण सामाईक अक्षर शोधणे अवघड होते. सूचना आजही आडव्या आणि उभ्या अशाच दिल्या जातात. कर्त्याला मोबदला मिळाला नाही, तरी त्याची रचना शंभराहून अधिक वर्षे टिकून आहे.