साने गुरुजी

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, दापोली तालुक्यातील पालगड या गावी झाला. घरची स्थिती खालावलेली असल्यामुळे शिक्षणासाठी त्यांना कधी औंध, कधी पुणे असे गावोगाव जावे लागले. १९१७ साली आई वारली, तेव्हा ते तिच्याजवळ नव्हते. ही रुखरुख त्यांच्या मनातून कधीच गेली नाही.

१९२४ मध्ये खानदेशातील अमळनेरच्या हायस्कुलात ते शिक्षक झाले. वसतिगृहही त्यांच्याकडे आले. मुले वर्गात गेली, की हे शिक्षक त्यांच्या खोल्या झाडीत, अंथरुणे आवरीत, मळके कपडे धुऊन ठेवीत. शिवाय मुलांसाठी हाताने लिहून ते एक दैनिक काढीत! लाजाळू मुलेही अशा माणसाजवळ बोलू लागली, यात नवल ते काय?

तरीही १९३० साली कायदेभंगाची चळवळ सुरू होताच त्यांनी ही नोकरी सोडली. मग एकामागून एक तुरुंगवास घडले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ते तमिळ शिकले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर प्रवचन करीत. गुरुजी ते भरभर उतरून घेत. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आपल्या हाती आला, तो त्यांच्या या श्रमांमुळे.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात आईच्या आठवणींना वाट मिळाली. दिवसा तुरुंगातील काम करावे आणि रात्री व पहाटे लिहावे, असे अवघे पाच दिवस गेले. त्यांतून 'श्यामची आई' साकार झाली. गोखल्यांचे चरित्र, 'भारतीय संस्कृती', 'इस्लामी संस्कृती' असे विचारप्रधान लेखनही त्यांनी विपुल केले.

पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात अस्पृश्य मानलेल्या बांधवांना प्रवेश नव्हता. गुरुजींनी महाराष्ट्रभर हिंडून लोकांना विनविले आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण आरंभिले. प्रकृती मुळातच नाजूक. प्राणांवर बेतण्याचे भय होते. स्नेह्यांनी परोपरीने समजाविले, तरी ते ढळले नाहीत. सुमारे दहा दिवसांनी मंदिर खुले करण्याचे मान्य झाले, तेव्हाच त्यांनी उपोषण सोडले.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी त्यांचे निधन झाले. या अखेरच्या काळातही देशाच्या चिंतेतून सवड काढून ते आपल्या पुतणीला पत्रे लिहीत, आणि त्यांत फुलांच्या, पाखरांच्या गोष्टी सांगत. ती पुढे 'सुंदर पत्रे' या नावाने पुस्तकरूपाने निघाली.