'रोमन हॉलिडे' ज्यानं लिहिला, त्याला पूर्ण श्रेय मिळायला ५८ वर्षं लागली

दौऱ्यावर आलेली एक राजकन्या ठरलेल्या कार्यक्रमांना कंटाळते आणि एका रात्री रोममधल्या दूतावासातून गुपचूप सटकते. एका पत्रकाराशी गाठ पडते, दोघं स्कूटरवरून शहर पालथं घालतात, प्रेमात पडतात. शेवटी मात्र ती कर्तव्यासाठी परत जाते.

१९५३ सालचा 'रोमन हॉलिडे' आजही लोक आवडीनं बघतात. त्यानं ऑड्री हेपबर्नला ऑस्कर मिळवून दिलं. कथेलाही ऑस्कर मिळालं, पण ते गेलं भलत्याच्याच नावावर. खरे लेखक होते डाल्टन ट्रम्बो.

ट्रम्बो यांचा जन्म १९०५ सालचा, अमेरिकेतल्या कोलोराडोमधला. तरुणपणी लॉस एंजेलिसच्या एका बेकरीत रात्रपाळी करत त्यांनी लिखाण सुरू ठेवलं. पुढं ते हॉलिवूडमधल्या सर्वात महागड्या लेखकांपैकी एक झाले.

पण १९४७ साली चित्र पालटलं.

रशियाशी शीतयुद्ध सुरू झालं होतं. अमेरिकी संसदेची एक समिती हॉलिवूडमधले कम्युनिस्ट शोधत होती. ट्रम्बो पक्षाचे सदस्य होते, पण आपलं राजकीय मत विचारण्याचा हक्क सरकारला नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी उत्तर द्यायला नकार दिला. स्टुडिओंनी त्यांना काळ्या यादीत टाकलं. १९५० साली तुरुंगातही जावं लागलं.

घर तर चालवायचं होतं. मग त्यांनी 'रोमन हॉलिडे'ची कथा मित्र इयान मॅकलेलन हंटर यांच्या नावानं विकली. ऑस्करही हंटर यांनाच मिळालं. पुढं 'द ब्रेव्ह वन'साठी रॉबर्ट रिच या लेखकाला ऑस्कर जाहीर झालं, पण ते घ्यायला तो स्वतः आलाच नाही. असा लेखकच नव्हता. ते ट्रम्बो यांचं टोपणनाव होतं!

सिनेमातल्या राजकन्येला ओळख लपवून एक दिवसाचं स्वातंत्र्य मिळालं. ट्रम्बो यांना मात्र पोटासाठी वर्षानुवर्षं ओळख लपवावी लागली.

१९६० साली 'स्पार्टाकस' आणि 'एक्झोडस'वर त्यांचं नाव पुन्हा झळकलं आणि काळ्या यादीचा धाक ओसरू लागला. १९७६ साली ते गेले. 'रोमन हॉलिडे'चं ऑस्कर १९९३ साली त्यांच्या पत्नीच्या हाती आलं. २०११ साली लेखक संघटनेनं पूर्ण श्रेय बहाल केलं, तेव्हा ट्रम्बो यांना जाऊन ३५ वर्षं झाली होती.