आयत्या बिळाचा शोध घेणारा डॉक्टर

साप दिसला की आपण पहिला प्रश्न विचारतो तो विषारी आहे का हा, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत बहुधा काठी पडलेली असते. तो इथे का आला, काय खायला आला, दिवसभर कुठे दडून बसला होता, हे प्रश्न त्या गडबडीत कुणाला सुचत नाहीत. सव्वाशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरला ते सुचले आणि आयुष्यभर पुरले. त्यांचे नाव फ्रँक वॉल.

वॉल यांचा जन्म १८६८ साली श्रीलंकेतल्या नुवारा एलिया या थंड हवेच्या गावी झाला. वडील जॉर्ज वॉल यांना वनस्पतींचा नाद होता. नेच्यांचा त्यांचा अभ्यास नावाजलेला होता. म्हणजे निरीक्षणाची गोडी घरातलीच. शिक्षण मात्र इंग्लंडमध्ये झाले. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधून वैद्यक शिकून १८९३ साली ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले आणि १९२५ पर्यंत त्याच नोकरीत राहिले. बदल्यांची नोकरी म्हटली की माणसे कुरकुरतात. वॉल यांच्या पथ्यावर मात्र ती पडली. मलबारातले कण्णूर, अयोध्येजवळचे फैजाबाद, आसाम, हिंदुकुशातले चित्रळ, ब्रह्मदेश. जिथे गेले तिथले साप त्यांनी जमवले आणि त्यांची टिपणे लिहिली. कण्णूरच्या टिपणाच्या शीर्षकातच ५ नोव्हेंबर १९०३ ते ५ ऑगस्ट १९०४ अशा तारखा आहेत. वह्या किती काटेकोर ठेवलेल्या असतील, याची कल्पना एवढ्यावरून येते.

ही टिपणे बहुतेक सारी मुंबईला येत. १८८३ साली मुंबईत आठ जणांनी मिळून ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापली होती. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोन डॉक्टर होते. या सोसायटीच्या नियतकालिकात १९०५ पासून वॉल यांची भारतातल्या नेहमीच्या सापांवरची सचित्र लेखमाला सुरू झाली आणि ती १९१९ पर्यंत चालली. एकेका लेखात एकेक साप घ्यायचा आणि त्याचे नाव, रंग, राहणी, खाणे, पिल्ले, सारे सांगायचे, असा त्यांचा परिपाठ. पुढे १९२१ साली श्रीलंकेच्या सापांवर त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. लेखांची संख्या तर दोनशेच्या वर गेली.

त्यांची पद्धत ऐकायला साधी, पण करायला चिवट होती. त्या काळी साप मारणाऱ्याला सरकार ठिकठिकाणी बक्षीस देत असे, त्यामुळे मेलेल्या सापांना तोटा नव्हता. इतरांच्या दृष्टीने तिथे गोष्ट संपे. वॉल यांचे काम तिथून सुरू होई. लांबी मोजायची, खवल्यांच्या ओळी मोजायच्या, मादी असेल तर पोटातली अंडी किंवा पिल्ले मोजायची आणि जठर उघडून पाहायचे. साप भक्ष्य चावून खात नाही, अख्खे गिळतो. त्यामुळे ताजे भक्ष्य ओळखू येते आणि अर्धवट पचलेले असले तरी केस, पिसे, दात मागे राहतात. कित्येकदा जठर रिकामेही निघते, कारण एकदा जेवलेला साप कित्येक दिवस अन्नाशिवाय राहू शकतो. एका सापावरून काही कळत नाही, पण वर्षानुवर्षे साप उघडत गेले की त्या त्या जातीचा आहार आपोआप मांडला जातो.

या मांडणीने आपल्या घरातल्या किती समजुती ढासळतात, पाहा. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. धामणीचे खरे खाणे म्हणजे उंदीर, घुशी आणि बेडूक. विहिरीकाठची दिवड मासे आणि बेडूक खाते. भिंतीवर सरसर चढणारा बिनविषारी कवड्या येतो तो पालींसाठी. मण्यारीचे खाणे तर विलक्षण! उंदीर-पाली ती खातेच, पण तिचे आवडते भक्ष्य म्हणजे दुसरे साप. घरात पाली म्हणून कवड्या, आणि कवड्यासारखे लहान साप म्हणून मण्यार, अशी ही साखळी आहे. साप माणसाच्या मागावर येत नाही. तो आपल्या जेवणाच्या मागावर येतो आणि वाटेत आपण भेटतो.

निवाऱ्याचेही तसेच. आयत्या बिळात नागोबा ही म्हण ज्याने केली त्याची नजर मोठी पक्की असली पाहिजे. नागाला पाय नाहीत, नखे नाहीत; बीळ खणणार कशाने? तो राहतो उंदराच्या बिळात किंवा वाळवीने बांधलेल्या वारुळात. मण्यारीला विटांचा ढीग, दगडी गडग्याच्या फटी, जुन्या भिंतींची भोके पसंत. उंदराच्या बिळात तर अन्न आणि निवारा एकाच ठिकाणी मिळतो.

वॉल डॉक्टर होते, त्यामुळे या साऱ्या मोजदादीच्या मुळाशी रुग्णाची चिंता होती. साप चावलेला माणूस दारात आला आणि सोबत मारलेला साप आणला, तर तो कोणता हे खात्रीने कसे ठरवायचे? रंगावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून विषारी सापांवरच्या आपल्या छोट्या पुस्तकात त्यांनी खवल्यांवरून ओळख दिली. मण्यारीच्या पाठीवर अगदी मधली ओळ मोठ्या षटकोनी खवल्यांची असते. कवड्याला ती नसते. नागाच्या वरच्या ओठाचे तिसरे खवले एकीकडे नाकाच्या आणि दुसरीकडे डोळ्याच्या कडेला भिडते. फणा मिटलेला मेलेला नागही यावरून ओळखता येतो. सोसायटीने हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या.

एक गोष्ट मात्र नाकारता येत नाही. सापाच्या जगण्याविषयीचे हे ज्ञान बव्हंशी मेलेल्या सापांनी दिले. जठर काय खाल्ले ते सांगते. शिकार कशी केली, रात्री किती अंतर कापले, किती दिवस एका बिळात काढले, हे सांगत नाही. शिवाय साप मारला जातो तो माणसाच्या नजरेस पडलेला. रानात निवांत राहिलेल्याची नोंद कोण करणार? १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर सापांना संरक्षण मिळाले आणि अभ्यासाची रीतही पालटली. कर्नाटकातल्या आगुंबेच्या जंगलात नागराजाच्या शरीरात लहानसा रेडिओ-प्रक्षेपक बसवून जिवंत सापाच्या मागे फिरणारे अभ्यासक आहेत. वॉल यांचे अपुरे राहिलेले प्रश्नच ते पुढे नेत आहेत.

वॉल १९५० साली इंग्लंडमध्ये बोर्नमथ येथे वारले. आपल्या महाराष्ट्रात आढळणाऱ्या एका बिनविषारी सापाच्या कुळाला त्यांच्या नावावरून ‘वॉलोफिस’ म्हणतात. १९२९ साली दिलेले हे नाव मधल्या काळात मागे पडले होते. २०१८ साली अभ्यासकांनी ते पुन्हा प्रचारात आणले.

पण त्यांचे खरे स्मारक आपल्या घरात व्हायला हवे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य खेड्यांतली. धान्याची कणगी उंदरांपासून जपणे, परसातला विटा-लाकडांचा ढीग भिंतीपासून दूर ठेवणे, रात्री बाहेर पडताना दिवा घेणे, जमिनीवर झोपायचे तर मच्छरदाणी नीट खोचणे आणि दंश झालाच तर मांत्रिकाकडे न जाता थेट रुग्णालय गाठणे, यांत अवघड काय आहे? उंदराला घास मिळाला नाही तर सापाला घरात येण्याचे कारण उरत नाही. काठी एका सापाला थांबवते. झाकलेले धान्य आणि मोकळा केलेला कोपरा त्याच्यामागून येणाऱ्यांनाही थांबवतो.