औंधच्या माळरानावर कारखाने आणणारा राजा

आपल्या प्रदेशात बाहेरचे भांडवल यावे म्हणून आजची सरकारे काय काय करतात, हे वृत्तपत्रांच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. गुंतवणूक परिषदा भरतात, सामंजस्य करारांवर सह्या होतात, करसवलती जाहीर होतात, एक खिडकी योजनेची ग्वाही दिली जाते. महाराष्ट्राने १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन केले, १९६४ पासून मागास भागांतील उद्योगांसाठी प्रोत्साहन योजना राबवल्या आणि २०१८ मध्ये 'मॅग्नेटिक महाराष्ट्र'सारखी जागतिक परिषदही भरवली. तरीही मुंबई, ठाणे, पुण्याकडे धावणारे भांडवल आटपाडी किंवा धारणीसारख्या आडबाजूच्या तालुक्यांकडे सहसा वळत नाही. अशा वेळी शंभर वर्षांपूर्वी अवघ्या ७२ गावांच्या एका दरिद्री संस्थानाने उद्योजकांना आपल्याकडे कसे आणले, हे पाहणे उद्बोधक ठरते. ते संस्थान म्हणजे औंध आणि त्याचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

विखुरलेले राज्य

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. पंतप्रतिनिधींचे घराणे मराठेशाहीतील मानाचे. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात निर्माण झालेले प्रतिनिधीपद परशुराम त्रिंबक यांच्याकडे आले आणि पुढे ते त्यांच्या वंशात राहिले. पेशवाई बुडाल्यानंतर इंग्रजांनी या घराण्याकडे जो मुलूख ठेवला, तो सलग नव्हता. औंध, कुंडल, आटपाडी आणि विजापूरजवळचे गुणदाळ असे त्याचे चार तुकडे होते. मध्ये ब्रिटिश हद्द, पलीकडे इतर संस्थानांची हद्द. एकूण क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस मैल, लोकसंख्या १९४१ पर्यंतही एक लाखाच्या आत. त्यातला आटपाडीचा भाग माणदेशात मोडणारा, म्हणजे दुष्काळ पाचवीला पुजलेला. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त दिसणारा मुलूख तो हाच.

बाळासाहेबांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी.ए.ची पदवी घेतली होती. चित्रकला आणि कीर्तन हे त्यांचे आवडीचे विषय होते. ४ नोव्हेंबर १९०९ रोजी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी ते गादीवर आले. त्यांच्या हाती आलेल्या राज्यात खाणी नव्हत्या, बंदर नव्हते, मोठी नदी अडवून वीज निर्माण करण्याइतका पैसाही नव्हता. म्हैसूर किंवा बडोद्यासारख्या मोठ्या संस्थानांनी स्वतःच्या खजिन्यातून बँका, गिरण्या, वीज केंद्रे उभी केली. औंधला तो मार्ग मोकळा नव्हता. उद्योग हवा असेल तर तो बाहेरच्या माणसानेच येऊन उभारायला हवा होता.

येथे बाहेरचा माणूस या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. संस्थानाला स्वतःची न्यायालये होती, पोलीस होते, स्वतःचा महसूल होता. बेळगावचा किंवा मुंबईचा व्यापारी हा ब्रिटिश प्रजाजन. त्याने औंधमध्ये पैसा गुंतवणे म्हणजे एका परक्या राज्याच्या कायद्यावर आणि त्याहीपेक्षा त्या राज्याच्या राजाच्या लहरीवर विसंबणे होते. लहान संस्थानांविषयी त्या काळी जे ऐकिवात असे, ते पाहता शहाणा व्यापारी असा धोका पत्करण्यापूर्वी दहा वेळा विचार करीत असे.

बेळगावची नोटीस आणि औंधचे निमंत्रण

लक्ष्मणराव किर्लोस्कर बाळासाहेबांहून काही महिन्यांनी लहान. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात गेले, पण रंग ओळखण्यात अडचण येते हे लक्षात आल्यावर यांत्रिक रेखाटनाकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शिकवण्याचे काम केले. तेथे हक्काची बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावला आले. बंधू रामूअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान चालवता चालवता त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे आणि पुढे लोखंडी नांगर बनवायला घेतले. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते अशी समजूत असलेल्या शेतकऱ्यांना हा नांगर पटवून देण्यातच त्यांची काही वर्षे गेली. धंद्याचा जम बसू लागला तोच बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. यंत्रे होती, कारागीर होते, पण पाय टेकायला जमीन उरली नाही.

त्या सुमारास लक्ष्मणरावांकडे औंधमधील बांधकामाचे काम होते आणि बाळासाहेबांशी त्यांचा परिचय होता. लक्ष्मणरावांची अडचण कळताच नव्या राजाने त्यांना संस्थानात कारखाना काढण्याचे निमंत्रण दिले. जागा कोणती हवी ते त्यांनीच ठरवावे असे सांगितले आणि उभारणीसाठी कर्जाऊ रक्कमही देऊ केली. लक्ष्मणरावांनी राजधानीतील जागा मागितली नाही. त्यांनी निवडले ते कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळचे माळरान. निवडुंगाने भरलेले, सापांसाठी प्रसिद्ध, पाण्याची टंचाई असलेले. पण तेथून रेल्वे जात होती. कच्चे लोखंड आणि कोळसा आणायचा आणि नांगर बाहेर पाठवायचे तर रुळांशेजारी असणे राजवाड्याशेजारी असण्यापेक्षा महत्त्वाचे होते. राजानेही ही निवड मान्य केली.

१० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. बाळासाहेब गादीवर येऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. निवडुंग तोडून कारखान्याबरोबर घरे उभी राहिली, शाळा आली, बागा आल्या. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी पहारेकरी म्हणून कामावर घेतले. पुढे रेल्वे स्थानकाचे नावही बदलून किर्लोस्करवाडी झाले. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली आणि त्याच वर्षी शं. वा. किर्लोस्कर यांनी सुरू केलेले 'किर्लोस्कर खबर' हे मासिक पुढे 'किर्लोस्कर' या नावाने मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत पोहोचले. नांगरांपासून सुरू झालेला कारखाना पंप आणि इतर यंत्रांपर्यंत विस्तारला.

दुसरा पाहुणा

एखादा उद्योजक मैत्रीखातर आला, असे किर्लोस्करांबाबत म्हणता येईल. पण दुसरा येतो तो पहिल्याचा अनुभव पाहून. १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कराडजवळ काचेचा कारखाना काढला तोही बाळासाहेबांच्या साह्याने. पहिल्या महायुद्धामुळे परदेशी मालाची आवक घटली होती आणि देशी कारखानदारीला थोडी मोकळीक मिळाली होती. ओगलेवाडीत तयार झालेला 'प्रभाकर' कंदील नंतर महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत घरोघरी लटकू लागला. ज्या कंदिलाच्या उजेडात दोन पिढ्यांनी अभ्यास केला, त्याच्यामागे एका छोट्या संस्थानाच्या राजाचा हात होता, हे त्या कंदिलाखाली बसणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

बाळासाहेबांचे निमंत्रण केवळ कारखानदारांपुरते नव्हते. वेदांचे अभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनी १९१८ च्या सुमारास औंधमध्ये स्वाध्याय मंडळ स्थापन केले आणि तीन दशके तेथे काम केले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तेव्हा बाळासाहेबांनी एक लाख रुपयांच्या साह्याचे वचन दिले. १९३५ मध्ये इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. सूर्यनमस्कारांचा त्यांनी आयुष्यभर प्रचार केला आणि त्यावरचे त्यांचे पुस्तक १९३८ मध्ये लंडनमधून इंग्रजीत प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी औंधच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय सुरू झाले. तेथे राजा रविवर्म्याच्या चित्रांबरोबर हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची कलाकृतीही आहे. नकाशावर शोधावे लागणारे हे गाव अशा रीतीने जगाच्या परिचयाचे झाले. आज ज्याला प्रदेशाची प्रतिमा म्हणतात ती बाळासाहेबांनी जाहिरातींवर पैसा न उधळता उभी केली.

राजाच्या शब्दाची मर्यादा

या साऱ्या यशात एक मोठे न्यून होते. किर्लोस्कर आले, ओगले आले ते बाळासाहेबांच्या शब्दावर. राजा भला होता म्हणून भांडवल सुरक्षित होते. उद्या गादीवर दुसरा कोणी आला आणि त्याची मर्जी फिरली तर काय, या प्रश्नाला संस्थानाच्या व्यवस्थेत उत्तर नव्हते. शिवाय कारखान्यांचा लाभ रेल्वेलगतच्या भागाला झाला तरी आटपाडीचे कोरडवाहू शेतकरी होते तेथेच होते. सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी किंवा मोलमजुरीसाठी त्या भागातील माणसे दूरदूरच्या शहरांत जात राहिली.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास एक परदेशी माणूस निमित्त झाला. मॉरिस फ्रिडमन हे पोलंडचे अभियंते बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्यात काम करीत होते. बाळासाहेबांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत ऑक्सफर्डहून शिकून परतले होते. त्यांच्या ओळखीतून फ्रिडमन औंधला आले. परदेशी तंत्रज्ञाकडून संस्थानाने यंत्रांची अपेक्षा केली असती तर नवल नव्हते. फ्रिडमन यांनी मात्र राजाने सत्ता प्रजेच्या हाती द्यावी, हा विचार मांडला आणि वयाची सत्तरी गाठलेल्या बाळासाहेबांनी तो स्वीकारला. नोव्हेंबर १९३८ मध्ये तशी घोषणा झाली. आप्पासाहेब आणि फ्रिडमन विदर्भात वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला महात्मा गांधींकडे गेले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली घटनेचा आराखडा तयार झाला. जानेवारी १९३९ मध्ये ती घटना लागू झाली. गावोगावी निवडलेल्या पंचायती, त्यांवर तालुका समित्या, त्यांवर विधिमंडळ अशी तिची रचना होती. राजाचा खासगी खर्च मर्यादित झाला आणि महसुलाचा मोठा वाटा गावांसाठी राखला गेला. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. तिच्यावरून पुढे १९५७ मध्ये 'दो आंखें बारह हाथ' हा चित्रपट निघाला.

उद्योग आणि घटना या दोन गोष्टी वरवर पाहता वेगळ्या वाटतात. पण बाळासाहेबांच्या कारकिर्दीत त्या एकाच वाटेवरचे दोन टप्पे आहेत. १९१० मध्ये त्यांनी उपऱ्या उद्योजकाला आपल्या शब्दाची हमी दिली. १९३९ मध्ये ती हमी त्यांनी स्वतःच्या व्यक्तिमत्त्वातून काढून कायद्याकडे सोपवली. पहिल्या कृतीला उदारपणा पुरेसा होता. दुसरीसाठी स्वतःचे अधिकार कमी करून घेण्याची तयारी लागली आणि ती फार थोड्या सत्ताधीशांनी दाखवली.

मागे काय उरले

या प्रयोगाला फार काळ मिळाला नाही. गांधीहत्येनंतर फेब्रुवारी १९४८ मध्ये उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीत जाळपोळ झाली. ८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. बाळासाहेबांनी विलीनीकरण शांतपणे स्वीकारले. १३ एप्रिल १९५१ रोजी त्यांचे निधन झाले. लक्ष्मणराव किर्लोस्कर १९५६ मध्ये गेले. ओगल्यांचा कारखाना काळाच्या ओघात बंद पडला. किर्लोस्करवाडीचा कारखाना मात्र राज्य बदलले, चलन बदलले, पिढ्या बदलल्या तरी चालू राहिला आणि तेथील पंप देशोदेशी गेले.

औंधच्या उदाहरणावरून प्रत्येक माळावर कारखाना उभा राहील असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. किर्लोस्करवाडीला रेल्वे होती आणि लक्ष्मणरावांसारखा जिद्दी माणूस होता. मेळघाटातील धारणीची परिस्थिती निराळी आहे. तेथे व्याघ्र प्रकल्पाचे जंगल आहे, उद्योगांवर रास्त बंधने आहेत आणि खरीप संपल्यावर कामाच्या शोधात गाव सोडणारी कोरकू कुटुंबे आहेत. त्या भागाला नांगरांचा कारखाना नको असेल, वनोपजावर आधारलेला लहान उद्योग हवा असेल. पण उद्योग लहान असो वा मोठा, तो काढणाऱ्याला जे हवे असते ते १९१० मध्ये होते तेच आहे. जागेचा निर्णय लवकर व्हावा, दिलेला शब्द पाळला जावा आणि तो देणारा अधिकारी बदलला तरी त्याचे मोल टिकावे. सवलतींचे आकडे परिषदांत जाहीर करता येतात. विश्वास मात्र वर्षानुवर्षांच्या वागणुकीतूनच उभा राहतो. ७२ गावांच्या राजाकडे सवलती देण्यासारखे फारसे काही नव्हते. म्हणूनच बहुधा त्याला दिल्या शब्दाची किंमत अधिक कळली.