मार्टिन ल्यूथर आणि त्याचे घर

जुना मार्ग सोडून नव्या मार्गाला लागलेल्या कुटुंबापुढे एक अडचण उभी राहते, व तिच्याविषयी उपदेशात फारसे बोलले जात नाही. सणाच्या दिवशी शेजारच्या दाराला तोरण लागते, चुलीवर कढई चढते, लेकी माहेरी येतात. आणि आपल्या घरी त्या दिवशी काय करावे हे कोणी ठरवून दिलेले नसते. जे सोडले ते मनापासून सोडले, ह्यात शंका नाही. परंतु घराला एकत्र बांधणारे त्याच्या जागी काय आणले, असा प्रश्न बायकामुलांच्या मनात आल्यावाचून राहत नाही. पाचशे वर्षांपूर्वी जर्मनी देशातील एका घरापुढे हाच प्रश्न होता. त्या घराचा धनी मार्टिन ल्यूथर. त्याने पोपसत्तेशी केलेल्या झगड्याची हकीकत आमच्या वाचकांनी पुष्कळदा ऐकली असेल. आज आम्ही त्याच्या संसाराची हकीकत सांगतो.

ल्यूथर ह्याचा जन्म १० नोव्हेंबर १४८३ रोजी आइस्लेबेन गावी झाला. दुसऱ्या दिवशी संत मार्टिनचा सण होता. त्याच दिवशी बाळाचा बाप्तिस्मा झाला, म्हणून त्याचे नाव मार्टिन ठेवण्यात आले. बाप हान्स हा तांब्याच्या खाणीच्या धंद्यात कष्टाने वर आलेला गृहस्थ होता. घरची शिस्त कडक असे. एका क्षुल्लक अक्रोडापायी आईने आपणास रक्त निघेपर्यंत मारले होते, ही गोष्ट ल्यूथर थोरपणीही सांगे. मात्र आईबापांचा हेतू चांगला होता, हेही तो त्याबरोबरच सांगत असे.

मुलाने वकील व्हावे, चांगल्या घरची मुलगी करावी आणि नातवंडे दाखवावी, असे हान्सच्या मनात होते. परंतु १५०५ सालच्या जुलै महिन्यात वाटेत वादळाने गाठले, वीज जवळ पडली, आणि भयभीत झालेल्या मार्टिनने मठात जाण्याचा नवस केला. थोड्याच दिवसांत तो एर्फुर्ट येथील ऑगस्टीनच्या पंथाच्या मठात शिरला. बाप संतापला. १५०७ साली मार्टिनने पाळक म्हणून पहिली मिस्सा म्हटली, तेव्हा हान्स वीस घोडेस्वारांसह आला व मठाला चांगली देणगीही दिली. पण पंगतीत मुलाने आपल्या निर्णयाची गोष्ट काढताच, आईबापांचा मान राखण्याची आज्ञा तू ऐकली नाहीस काय, असे त्याने सर्वांदेखत विचारले. सण होता, पाहुणे होते, पानेही वाढलेली होती. पण बापलेकांची मने जुळलेली नव्हती. हा घाव ल्यूथर पुष्कळ वर्षे विसरला नाही.

पुढील गोष्ट सर्वश्रुत आहे. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी त्याने आपली ९५ विधाने पुढे मांडली, व १५२१ साली वर्म्स येथे बादशहासमोर आपले म्हणणे मागे घेण्याचे नाकारले. विवाहित माणसाचा संसार हा संन्याशाच्या व्रतापेक्षा देवाला कमी मान्य नाही, असे तो शिकवू लागला. त्याच्या शिकवणीने पुष्कळ पाळकांनी व मठवाशांनी लग्ने केली. तो स्वतः मात्र विटेनबर्ग येथील ओस पडलेल्या मठात एकटाच राहिला. त्याचे गवताचे अंथरूण वर्षभर कोणी झाडले नव्हते, असे त्यानेच पुढे सांगितले आहे.

१५२३ सालच्या ईस्टरच्या सुमारास निम्ब्शेन येथील मठातून काही जोगिणी रात्री पळून निघाल्या. टोरगाव शहरचा एक व्यापारी त्या मठास माल पुरवीत असे. त्याच्या गाडीतून त्या बाहेर पडल्या. त्यांपैकी नऊजणी विटेनबर्गला आल्या. त्यांत कॅथरीना फॉन बोरा ही होती. तिचा जन्म १४९९ सालचा; लहानपणीच तिला मठात ठेवण्यात आले होते. ल्यूथरने ह्या निराधार स्त्रियांसाठी स्थळे पाहिली, आणि शेवटी कॅथरीनेचे स्थळ त्याचे स्वतःचेच ठरले. १३ जून १५२५ रोजी संध्याकाळी मोजक्या साक्षीदारांसमोर लग्न लागले. वर एक्केचाळीस वर्षांचा, वधू सव्वीस वर्षांची.

तो काळ आनंदाचा नव्हता. शेतकऱ्यांचे बंड नुकतेच रक्तात बुडविण्यात आले होते, आणि त्या प्रसंगी ल्यूथरने शेतकऱ्यांविरुद्ध जे कठोर शब्द लिहिले त्यांचा डाग त्याच्या नावावरून पुसला गेलेला नाही. संन्यासी आणि जोगीण ह्यांच्या लग्नाची टवाळी सर्व देशभर झाली. त्याचा जिवलग मित्र मेलांक्थोन हाही ह्या घाईमुळे नाराज झाला. तरी ल्यूथरने लग्न लपवून ठेवले नाही. दोन आठवड्यांनी, २७ जून रोजी, त्याने मित्रांना व आप्तांना बोलावून मोठे जेवण घातले, आणि त्या जेवणाला मान्सफेल्डहून त्याचे म्हातारे आईबाप आले. बापाची नातवंडांची इच्छा पुरवावी, हे आपल्या लग्नाचे एक कारण असल्याचे त्याने मित्रांना कळविले होते. ज्या बापाचे मन वीस वर्षांपूर्वी दुखविले, तोच बाप आता लेकाच्या लग्नाच्या पानावर बसला. पहिल्या पंगतीत जे राहिले होते ते ह्या पंगतीत पुरे झाले, असे आम्हांस वाटते.

आता पाहा, ह्या दोघांना संसाराची सवय कोठून असणार! त्याची वीस वर्षे मठात गेलेली, तिचे तर बालपणही तेथेच गेलेले. सकाळी जाग आल्यावर शेजारच्या उशीवर वेण्या दिसत, ह्याचे आपणास पहिल्या वर्षी मोठे नवल वाटे, असे ल्यूथर हसत सांगे. आपण प्रेमाच्या भरात लग्न केले नाही हे तो कबूल करी. प्रेम मागून आले, आणि ते रोजच्या व्यवहारातून आले. माइन्झच्या आर्चबिशपाने लग्नाचा आहेर म्हणून वीस गुल्डन पाठविले, तेव्हा विरोधकाचा पैसा नको म्हणून ल्यूथरने ते परत करावयास सांगितले. कॅथरीनाबाईने मात्र ते ठेवून घेतले, कारण घरात काय आहे आणि काय नाही हे तिला ठाऊक होते. ती पहाटेच उठे. तिने बागा लावल्या, गाई व डुकरे पाळली, मासळीचे तळे राखले, त्या देशात जेवणाबरोबर घेतली जाणारी जवाची बिअर घरीच केली, आणि मठाच्या खोल्यांतून विद्यार्थी ठेवून चार पैसे मिळविले. ल्यूथर थट्टेने तिला घरचा धनी म्हणे, आणि त्या थट्टेत मान असे.

ह्या जोडप्याला सहा मुले झाली: हान्स, एलिझाबेथ, माग्दालेना, मार्टिन, पौल आणि मार्गारेथे. शिवाय नातलगांची पोरकी मुले, कॅथरीनाबाईची म्हातारी आत्या, विद्यार्थी आणि वाटसरू, असा गोतावळा रोज एका मेजाभोवती बसे. जेवणापूर्वी व जेवणानंतर प्रार्थना, मग बोलणे, मग गाणे. ल्यूथर स्वतः ल्यूट नावाचे तंतुवाद्य वाजवी. १५२९ साली त्याने लहान प्रश्नोत्तरावली छापली, ती घरच्या धन्याने आपल्या माणसांस शिकवावी ह्या हेतूने. तिच्यात सकाळची, रात्रीची व जेवणाची प्रार्थना त्याने घालून दिली आहे. उपासना पाळकावर सोपवून घरच्यांनी मोकळे व्हावे, हे त्यास मान्य नव्हते.

नाताळाची गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे. त्या देशी मुलांना खाऊ व भेटी देण्याचा दिवस ६ डिसेंबर, म्हणजे संत निकोलसचा दिवस, हा होता. ल्यूथरच्या घरीही काही वर्षे तो पाळला गेला. पुढे प्रोटेस्टंट घरांतून ही रीत हळूहळू ख्रिस्तजन्माच्या सणाकडे वळली. मुलांचा आनंद काढून घेतला नाही. त्याचा दिवस आणि अर्थ बदलला. १५३५ साली छापलेले त्याचे नाताळाचे गीत असेच आहे. त्या काळी मुलेमुली फेर धरून कोडी घालण्याचे एक गाणे म्हणत. ल्यूथरने त्याची सुरुवात व चाल घेतली आणि तीवर पंधरा कडवी रचली. आरंभी देवदूत वार्ता सांगतो, मग मुले गव्हाणीकडे जातात. आपल्या मुलांसाठीच त्याने ते रचले असे म्हणतात. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताचे गुणगान अभंगाच्या चालीवर बसविले, ते ह्याच जातीचे काम होय.

मेणबत्त्या लावलेल्या नाताळच्या झाडाजवळ ल्यूथर मुलांसह बसला आहे, असे चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. ते चित्र १८४३ सालचे आहे, आणि त्याच्या हयातीतल्या कागदपत्रांत अशा झाडास आधार नाही. खरे ते एवढे, की त्या घरी नाताळ होता, गाणे होते, आणि मुलांस त्यात भाग होता. झाडावाचून काही अडले नाही.

घरापासून दूर असतानाही त्याने हा धागा तुटू दिला नाही. १५३० साली तो कोबुर्गच्या किल्ल्यात राहत असताना, चार वर्षांच्या हान्सला त्याने पत्र लिहिले. एक सुंदर बाग आहे, तेथे मुले सफरचंदे वेचतात, सोन्याच्या लगामांची लहान घोडी आहेत, आणि जो प्रार्थना करतो व अभ्यास करतो त्यास आपल्या सोबत्यांसह तेथे जाता येते, असा त्याचा मजकूर होता. त्याच जून महिन्यात त्यास बापाच्या मृत्यूची वार्ता कळली. तो स्तोत्रांचे पुस्तक घेऊन खोलीत गेला आणि रडला.

१५४० साली कॅथरीनाबाईने त्याच्या वाढदिवसाची भेट म्हणून घराला दगडी दरवाजा करवून घेतला. त्याच्या दोन्ही बाजूंस बसावयाची एकेक जागा कोरलेली आहे. नवराबायको संध्याकाळी समोरासमोर बसू शकतील असा तो दरवाजा विटेनबर्ग येथे अद्याप उभा आहे.

ह्या घरावर दुःखेही आली. एलिझाबेथ आठ महिन्यांची होऊन १५२८ साली वारली. १५४२ च्या सप्टेंबरात तेरा वर्षांची माग्दालेना आजारी पडली. टोरगाव येथे शिकत असलेल्या हान्सला बहिणीच्या भेटीसाठी बोलावून आणले. ल्यूथर तिच्या खाटेजवळ गुडघे टेकून राहिला, आणि २० सप्टेंबर रोजी तिने त्याच्या हातांत प्राण सोडला. ज्याने हजारोंचे सांत्वन केले त्यास स्वतःचे सांत्वन करता येईना. त्या नाताळात परत शाळेत गेलेला हान्स घरच्या आठवणीने व्याकूळ झाला. आईने जाताना त्यास, बरे न वाटले तर घरी ये, असे सांगितले होते. ल्यूथरने लिहिले की आईच्या बोलण्याचा अर्थ खऱ्या आजारापुरताच आहे. त्याने अश्रू आवरून अभ्यास करावा. तेरा दिवसही ज्या घरास जड जात असतील, त्या घरच्या बापाने हे लिहावे ह्यात आम्हांस कठोरपणा दिसतो. स्वतःच्या बापाचा स्वभाव त्याच्यात थोडा उरलाच होता. पुढच्याच वर्षी त्याने यहूदी लोकांविरुद्ध जे द्वेषाचे पुस्तक लिहिले, तेही आम्ही झाकून ठेवीत नाही. आपल्या मेजावर माया करणारा माणूस परक्याच्या मेजाविषयी निर्दय होऊ शकतो, हा इशारा प्रत्येक घराने घ्यावा.

त्याचा शेवटचा प्रवास समेटाचा होता. मान्सफेल्डच्या सरदार भावांत वाटणीचा तंटा पेटला होता. तो मिटविण्यासाठी १५४६ च्या जानेवारीत, थंडी व पूर असताना, तो आपल्या मुलांना घेऊन निघाला. घरी काळजी करणाऱ्या पत्नीस तो वाटेतून विनोदी पत्रे लिही. तंटा मिटला, आणि १८ फेब्रुवारी रोजी आइस्लेबेन येथे, जेथे जन्मला त्याच गावी, तो वारला. सॅक्सन कायद्याप्रमाणे विधवेचा हक्क थोडा असे. म्हणून त्याने १५४२ सालीच मृत्युपत्र करून सर्व तिच्या नावे केले होते, व मुलांचा सांभाळही तिच्यावर सोपविला होता. आई आपल्या मुलांचे वाईट करणार नाही, हा त्याचा भरवसा होता. सल्लागारांनी मुले तिच्यापासून वेगळी करू पाहिली. तिने ती सोडली नाहीत. युद्धाने तिची शेते उजाड केली तरी तिने घर पुन्हा उभे केले. १५५२ साली विटेनबर्गमध्ये साथ आली म्हणून ती मुलांसह टोरगावकडे निघाली असता घोडे उधळले, तिला जबर इजा झाली, आणि २० डिसेंबर रोजी, नाताळ पाच दिवसांवर असता, ती वारली.

वाचकहो, ह्या घराला वडिलांकडून आलेली तयार रीत नव्हती. त्यांनी ती एकेक करून घडविली: एका मेजावर जेवण, जेवणानंतर गाणे, मुलांच्या तोंडी शोभेल असे नाताळाचे गीत, वाढदिवसाची दारातली बैठक. ह्यांत पैशाचे काम थोडे आणि एकत्र बसण्याचे फार. आपल्या गावच्या घरी मेज नसेल, पण चुलीपुढची जागा आहे. ल्यूट नसेल, पण टाळ व मृदंग आहेत, आणि जात्यावरच्या ओवीची चाल आपल्या आयांस येते. येत्या नाताळात परगावी दिलेली लेक माहेरी आणावी, भावाशी अबोला असेल तर त्यास जेवावयास बोलवावे, आणि रात्री दिवा मध्ये ठेवून घरातल्या सर्वांत लहान मुलास पहिले कडवे म्हणू द्यावे. तेथूनच आपल्या घरची रीत सुरू होईल.