न संपलेला सामना – रूथ आरन्स



आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी तळघरात टेबल टेनिसचे टेबल असते. त्यावर कधी कपड्यांच्या घड्या ठेवलेल्या असतात, कधी शाळेचा प्रकल्प पसरलेला असतो, आणि पाहुणे आले की ते रिकामे करून खेळ सुरू होतो. या खेळात चीन आणि जपान पुढे आहेत हे तुम्हांला ठाऊक आहे. पण एकेकाळी अमेरिकेची एक मुलगी या खेळात साऱ्या जगात पहिली आली होती, हे किती जणांना माहीत आहे? तिचे नाव रूथ आरन्स. तिच्यानंतर आजपर्यंत एकाही अमेरिकन खेळाडूला, मग तो पुरुष असो की स्त्री, जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत एकेरीचे विजेतेपद मिळालेले नाही. आजच्या अंकात आम्ही तिचीच गोष्ट सांगणार आहोत. त्या गोष्टीत एक अन्यायही आहे, म्हणून आई-बाबांनीही ती वाचावी.

रूथचा जन्म ११ जून १९१८ रोजी झाला. तिचे घराणे नाटकवाल्यांचे. वडील आल्फ्रेड आरन्स न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नाटके उभी करत. आई लीला ह्यूज ही गायिका होती. थोरला भाऊ अ‍ॅलेक्स हाही नाट्यनिर्माता होता. अ‍ॅलेक्स आणि त्याचा भागीदार व्हिंटन यांनी आपापल्या नावांची पहिली अक्षरे जोडून १९२७ साली न्यूयॉर्कमध्ये 'अल्व्हिन' नावाचे नाट्यगृह उघडले. आज त्याच नाट्यगृहाला नील सायमन थिएटर म्हणतात. न्यूयॉर्कला नाटक पाहायला गेलात तर ते जरूर पाहा.

अशा घरात वाढलेल्या मुलीने नटी व्हावे असे कोणालाही वाटले असते. रूथला मात्र मैदानी टेनिसची आवड होती. असे सांगतात, की एके दिवशी पाऊस आला, बाहेरचा खेळ थांबला आणि ती आत येऊन टेबलावरचे टेनिस खेळू लागली. पाऊस थांबला, पण हा खेळ सुटला नाही. १९३४ साली, जेमतेम पंधरा-सोळा वर्षांची असताना ती अमेरिकेची राष्ट्रीय विजेती झाली. पुढे १९३५, १९३६ आणि १९३७ अशी सलग तीन वर्षे तिने ते पद आपल्याकडेच राखले.

त्या काळी अमेरिकेत या खेळाला नाव काय द्यायचे यावरही वाद होता. 'पिंग-पाँग' हे नाव सेलम गावच्या पार्कर ब्रदर्स या खेळणी बनवणाऱ्या कंपनीच्या मालकीचे होते. म्हणून ज्यांना त्या कंपनीवर अवलंबून राहायचे नव्हते ते 'टेबल टेनिस' म्हणत. दोन नावे, दोन संघटना, असा कारभार होता. १९३५ साली त्या एकत्र आल्या आणि अमेरिकेला आपला संघ जागतिक स्पर्धेला पाठवणे सोपे झाले.

मार्च १९३६ मध्ये ही स्पर्धा प्राग शहरात भरली. अटलांटिकपार प्रवाशांना नेणारी विमाने अजून सुरू झालेली नव्हती. बोटीने समुद्र ओलांडायचा आणि मग आगगाडीने पुढे जायचे, असा तो प्रवास होता. युरोपातले खेळाडू १९२६ पासून जागतिक स्पर्धा खेळत होते. त्यांच्यापुढे सतरा वर्षांची ही मुलगी उभी राहिली. अंतिम सामन्यात तिने जर्मनीच्या आस्ट्रिड क्रेब्सबाख हिला हरवले आणि ती जगज्जेती झाली.

प्रागची ती स्पर्धा आणखी एका गोष्टीसाठी लक्षात राहिली. पोलंडचा एर्लिख आणि रुमानियाचा पानेथ यांचा सामना सुरू झाला आणि पहिलाच गुण ठरायला दोन तासांहून अधिक वेळ लागला! दोघेही चेंडू नुसता परत पाठवत राहिले. कोणीच जोराचा फटका मारीना आणि कोणीच चुकेना.

असे का व्हायचे? त्या वेळच्या बॅटला लाकडावर फक्त बारीक दाण्यांचा रबर असे. आजच्या बॅटमध्ये रबराखाली जो मऊ स्पंज असतो तो तेव्हा नव्हता. त्यामुळे चेंडूला फार वेगही देता येत नसे आणि फार फिरकीही. शिवाय जाळी आजच्यापेक्षा उंच, म्हणजे पावणेसात इंच होती. उंच जाळीवरून जोराचा फटका मारायला गेले तर चेंडू जाळीत अडकायचा किंवा टेबलाबाहेर जायचा. म्हणून शहाणा खेळाडू धोका पत्करत नसे. समोरच्याची चूक होईपर्यंत वाट पाहणे हाच जिंकण्याचा भरवशाचा मार्ग होता. प्रेक्षक मात्र कंटाळत. पुढे जाळी सहा इंचांवर आणली गेली आणि सामन्याला वेळेची मर्यादाही घातली गेली.

आता १९३७ सालाकडे वळू. फेब्रुवारी महिन्यात ऑस्ट्रियातल्या बाडेन गावी जागतिक स्पर्धा होती. तिथे महिला संघांसाठी कॉर्बिलाँ चषक असे. फ्रान्सच्या टेबल टेनिस संघटनेचे अध्यक्ष मार्सेल कॉर्बिलाँ यांनी तो दिला होता. या लढतीत चार एकेरी सामने आणि एक दुहेरीचा सामना असायचा. ज्या देशाचे तीन सामने आधी होतील तो जिंकला. म्हणजे एक खेळाडू कितीही चांगली असली तरी एकटीच्या जोरावर चषक मिळत नसे.

ज्यांनी दुहेरी खेळून पाहिले आहे त्यांना यातली गंमत कळेल. टेबल टेनिसच्या दुहेरीत जोडीदारांनी आळीपाळीनेच चेंडू मारायचा असतो. मैदानी टेनिससारखे जवळ असेल त्याने मारले, असे इथे चालत नाही. आपला फटका मारला की लगेच बाजूला सरून जोडीदाराला जागा द्यावी लागते. आपण मारलेल्या फटक्याचे उत्तर आपल्याला नाही, जोडीदाराला द्यायचे असते. म्हणून स्वतःचा फटका सुरेख बसला एवढ्याने भागत नाही, त्यानंतर जोडीदाराची पंचाईत होणार नाही ना, तेही पाहावे लागते. ज्यांना भाऊ किंवा बहीण आहे त्यांनी घरी जरूर करून पाहावे!

बाडेनला अमेरिकेच्या संघात रूथ आरन्स, एमिली फुलर, डोलोरेस कुएन्झ आणि जे पर्व्हिस या चौघी होत्या. त्यांनी कॉर्बिलाँ चषक जिंकला. त्याच स्पर्धेत अमेरिकेच्या पुरुषांनी त्यांचा स्वेथलिंग चषकही जिंकला. दोन्ही चषक एकाच वर्षी अमेरिकेकडे येण्याचा तो एकमेव प्रसंग. महिलांनी पुढे १९४९ साली स्टॉकहोमला पुन्हा बाजी मारली. मात्र तेव्हा त्यांना मिळाला तो नव्याने घडवलेला चषक. मूळ चषक १९३९ साली जर्मनीने जिंकला होता आणि दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत तो बर्लिनमधून नाहीसा झाला.

आता एकेरीचा अंतिम सामना. एका बाजूला अठरा वर्षांची रूथ, मागच्या वर्षीची विजेती. दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रियाचीच ट्रूड प्रिट्झी, वय सतरा. दोघीही चिवट, दोघीही चेंडू न सोडणाऱ्या. सामना लांबत गेला. नव्या नियमाप्रमाणे १ तास ४५ मिनिटांची मर्यादा होती. ती संपली तेव्हा निकाल लागलेला नव्हता. अधिकाऱ्यांनी सामना थांबवला.

पुढे काय झाले असेल? दोघींना विजेत्या म्हणून जाहीर केले? दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला लावले? यातले काहीच झाले नाही. दोघींनाही बाद ठरवण्यात आले. १९३७ सालच्या महिला एकेरीच्या विजेत्यांच्या यादीत जागा रिकामी ठेवली गेली.

मुलांनो, इथे थोडे थांबून विचार करा. नियम नवीन होता, तो मोडला गेला हेही खरे. कंटाळवाणा खेळ थांबावा हा नियमाचा हेतूही चांगला होता. पण या दोघींनी फसवणूक केली होती का? अंतिम फेरीपर्यंत पोहोचलेल्या दोन मुलींपैकी एकही विजेती नाही, असे कसे होईल? आमच्या मते चूक नियमात होती आणि शिक्षा खेळाडूंना झाली. आज तो प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवतात. एखादा गेम दहा मिनिटांत संपला नाही आणि दोघांचे मिळून अठरा गुणही झाले नाहीत, तर सर्व्हिस एकेका गुणानंतर बदलते, आणि सर्व्हिस घेणाऱ्याने तेरा वेळा चेंडू नीट परत केला तर गुण त्याला मिळतो. खेळ वेगाने संपतो आणि कोणाला बादही करावे लागत नाही. चांगला नियम असा असावा.

ट्रूड प्रिट्झीला पुढच्याच वर्षी, १९३८ साली लंडनमध्ये एकेरीचे विजेतेपद मिळाले. १९३९ साली कैरोला तिने हिल्डे बुसमानबरोबर महिला दुहेरीही जिंकली. पण तोवर हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला होता, त्यामुळे तिथे तिच्या नावापुढे जर्मनी हा देश लिहावा लागला.

रूथ मात्र स्पर्धांपासून दूर झाली. घराण्याचा वारसा जागा झाला म्हणा. तिने हंगेरीचा माजी जगज्जेता शांदोर ग्लांझ याच्याबरोबर टेबल टेनिसचे कार्यक्रम करायला सुरुवात केली. रंगमंचावर टेबल मांडायचे, हसत-खेळत अवघड फटके दाखवायचे आणि तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांना रिझवायचे. ज्या खेळाला कंटाळवाणा म्हणून तिला बाद केले, तोच खेळ पाहायला लोक पैसे मोजू लागले!

त्यानंतर रूथबाईंनी तिसरा व्यवसाय निवडला. त्या नट-नट्यांच्या कामांची व्यवस्था पाहणाऱ्या व्यवस्थापक झाल्या. शर्ली जोन्स ही प्रसिद्ध अभिनेत्री आणि तिचे पती जॅक कॅसिडी यांचे काम त्या पाहत. जॅकचा मुलगा डेव्हिड हाही त्यांच्याकडे आला. १९७० ते १९७४ या काळात दूरदर्शनवर गाजलेल्या 'पार्ट्रिज फॅमिली' या मालिकेत शर्ली आणि डेव्हिड दोघेही होते. त्या दशकात अमेरिकेत आलेल्या आपल्या आजी-आजोबांना ही मालिका कदाचित आठवत असेल. डेव्हिड रातोरात प्रसिद्ध झाला, पण त्याला मिळणारा मोबदला तुटपुंजा होता. रूथबाईंनी करारपत्र नीट तपासले. तेव्हा कायद्याने सज्ञान होण्याचे वय २१ होते आणि सही केली तेव्हा डेव्हिड त्याहून लहान होता! तो मुद्दा धरून त्यांनी कंपनीशी नव्याने बोलणी केली आणि त्याला पुष्कळ चांगला करार मिळवून दिला. ज्या मुलीला एका नियमाने विजेतेपद नाकारले, तिने मोठेपणी दुसऱ्या नियमाचा बारकाईने अभ्यास करून एका मुलाला न्याय मिळवून दिला.

रूथबाई जून १९८० मध्ये वारल्या. ट्रूड प्रिट्झी त्याआधीच, १९६८ साली गेली होती. यादीतली १९३७ सालची जागा अजूनही रिकामीच होती. अखेर २००१ साली आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघाने तो जुना निर्णय पुन्हा तपासला आणि दोघींनाही संयुक्त विजेत्या म्हणून जाहीर केले. चौसष्ट वर्षे उशीर झाला. चषक घ्यायला दोघींपैकी कोणीच नव्हते. तरीही आम्हांला वाटते की ते केले हे बरे झाले. उशिरा का होईना, यादीत आज दोघींची नावे शेजारी-शेजारी आहेत.

आपल्या मुंबईचाही या कथेशी संबंध आहे. १९५२ साली जागतिक स्पर्धा प्रथमच आशियात भरली ती मुंबईत. जपानचा संघ तिथे पहिल्यांदा उतरला. हिरोजी सातो हा जाड स्पंजची बॅट घेऊन आला आणि पुरुषांचे विजेतेपद घेऊन गेला. महिला दुहेरी जिंकली जपानच्याच नारहारा आणि निशिमुरा यांनी. त्या स्पंजनंतर खेळाचा वेग वाढत गेला आणि रूथच्या काळचा तो संथ, चिवट खेळ मागे पडला. अलीकडे भारतीय मुलींनीही दुहेरीत नाव काढले आहे. २०२३ साली हांगचौच्या आशियाई खेळांत सुतीर्था मुखर्जी आणि अहिका मुखर्जी यांनी चीनच्या जगज्जेत्या जोडीला हरवून कांस्यपदक मिळवले.

पालकांना एक विनंती. मूल घरी येऊन पंचांनी अन्याय केला म्हणते, तेव्हा आपण बहुधा सोडून दे म्हणतो. या वेळी त्याचे म्हणणे आधी पूर्ण ऐकून घ्या. अन्याय झाला असेल तर तसे मोकळेपणाने सांगा. आणि मग रूथबाईंची ही हकिकत सांगा. त्या निकालाची वाट पाहत बसल्या नाहीत, आपल्या कामाला लागल्या.

मुलांनो, तुम्हांला घरचा अभ्यास असा: तुम्ही १९३७ साली बाडेनला पंच असता तर काय केले असते? आठ-दहा ओळी मराठीत लिहून पुढच्या शनिवारी वर्गात आणा. उत्तर एकच बरोबर असेल असे नाही. चांगली उत्तरे पुढच्या अंकात छापू.