जुन्या खाणींचे वाचन : रॉबर्ट ब्रूस फूट

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी सोन्याशी संबंध असलेले काही लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा आम्हांस प्रथम स्मरण झाले ते रॉबर्ट ब्रूस फूट यांचे. ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळील पल्लावरम येथे त्यांना अश्मयुगीन दगडी हत्यार सापडले आणि भारतीय प्रागितिहासाच्या अभ्यासाचा पाया घातला गेला, हे पुष्कळांना ठाऊक असते. दक्षिणेतील सोन्याच्या शोधात त्यांनी केलेले काम मात्र फारसे कोणाच्या स्मरणात नाही. आणि त्या कामाचा आरंभ तर आपल्याच मुलखाच्या वेशीवर झालेला आहे.

फूट यांचा जन्म इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे २२ सप्टेंबर १८३४ रोजी झाला. १८५८ साली ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात रुजू झाले व १८९१ मध्ये निवृत्त झाले. या तेहतीस वर्षांत दक्षिण भारताचा केवढा तरी भाग त्यांनी पालथा घातला. दक्षिण मराठा मुलूख व त्यालगतचे जिल्हे यांच्या भूरचनेवरील त्यांचा ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध झाला. पुण्याहून बेळगाव-धारवाडमार्गे बंगळूरला येणाऱ्या आपल्या मंडळींनी गाडीच्या खिडकीतून एक बदल अवश्य पाहिला असेल. बेळगावपर्यंत सोबत करणारा सह्याद्रीचा काळा पाषाण तेथून पुढे संपतो आणि निराळेच, कितीतरी प्राचीन खडक सुरू होतात. त्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशात सोन्याच्या खाणी नाहीत. सोन्याचा शोध घ्यायचा तो या जुन्या खडकांत.

परंतु तेथेही सर्वत्र नव्हे. गदगजवळील कप्पतगुड्डाच्या डोंगरांत, म्हणजे त्या वेळच्या डंबळ भागात, ओढ्यांची वाळू धुऊन सोन्याचे कण काढणारे जलगार नावाचे लोक होते. हे डोंगर तपासून फूट यांनी १८७४ साली अहवाल प्रसिद्ध केला. कोणत्या ओढ्यात सोने मिळते आणि कोणत्यात नाही, हे जलगारांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने माहीत होते. फूट यांनी ही माहिती खडकांच्या नकाशाशी ताडून पाहिली. सोने देणारे ओढे एका विशिष्ट खडकसमूहातून उगम पावतात, हे त्यांच्या ध्यानी आले. तथापि तेथे मोठी खाण चालेल अशी आशा त्यांनी कोणास लावली नाही. धनिकांचे कान अनुकूल शब्दासाठी आसुसलेले असताना असा अहवाल लिहिणे सोपे नसते, असे आम्हांस वाटते.

दक्षिणेत ठिकठिकाणी प्राचीन खड्डे व दगड कुटण्याची उखळे आढळत. जुन्या लोकांनी खणले त्या अर्थी सोने आहे, आणि त्यांच्याजवळ यंत्रे नव्हती त्या अर्थी खाली पुष्कळ उरले असणार, असा सरळ हिशेब मांडणारे तेव्हा कमी नव्हते. वायनाडमध्ये १८८०च्या सुमारास याच भरवशावर लंडनमध्ये कंपन्यांमागून कंपन्या निघाल्या आणि थोड्याच काळात बुडाल्या. वास्तविक, जुने खाणकामगार थांबले ते का, हा खरा प्रश्न असतो. पाणी लागले म्हणून थांबले, की गारेची शीर निमुळती होत संपली म्हणून? आणखी एक गोष्ट अशी की, जमिनीलगतच्या थरात ऊनपावसाने खडक कुजतो, त्यातील गंधकयुक्त खनिजे विघटित होतात आणि सोने मोकळे होते. दगड कुटून धुतला की ते हाती लागते. खाली न कुजलेल्या कठीण खडकात तेच सोने खनिजांत अडकलेले असते व प्रमाणही बहुधा उतरते. सबब वरचा नमुना पाहून खालचा अंदाज बांधणारा फसतो. केवळ खड्डा पाहून याचा उलगडा होत नाही; शीर ज्या खडकातून जाते तो खडक, त्याची दिशा आणि त्याचा कल पाहावा लागतो.

फूट यांनी १८८२ साली म्हैसूर संस्थानातील सुवर्णक्षेत्रांतून केलेल्या प्रवासाची टिपणे प्रसिद्ध केली. कोलारचा काळसर, पापुद्रेदार खडकांचा पट्टा उत्तर-दक्षिण सुमारे ८० किलोमीटर लांब असून रुंदीने अगदी चिंचोळा आहे. दोन्ही बाजूंस ग्रॅनाइटासारखे फिकट खडक आहेत. हा पट्टा धारवाडकडे पाहिलेल्या खडकांचाच सगोत्र आहे, हे त्यांनी ओळखले. पुढे १८८८ साली या सर्व पट्ट्यांना धारवाड संघ हे नाव देऊन, दक्षिणेतील सोने मुख्यत्वे याच खडकांत आहे, असे त्यांनी मांडले. आज या खडकांचे वय अडीचशे कोटी वर्षांहून अधिक मानले जाते.

कोलारचा शोध फूट यांनी लावला, असे मात्र कोणी समजू नये. तेथील मारिकुप्पमच्या गावकऱ्यांना खणताना लेफ्टनंट वॉरन यांनी १८०२ सालीच पाहिले होते आणि १८७०नंतर लाव्हेल या आयरिश गृहस्थाने परवाना मिळविला होता. म्हैसूर कंपनीचे भांडवल संपत आले असता कॅप्टन प्लमर यांनी जुन्या खड्ड्यांखाली खोल जाऊन समृद्ध शीर गाठली, ती १८८०च्या दशकाच्या मध्यास. म्हणजे वायनाडमध्ये ज्या हिशेबाने घात केला, तोच कोलारला खरा ठरला! फरक कोठे पडतो हे सांगण्यासाठी खडकांचा नकाशा हवा होता, आणि तो फूट यांनी दिला.

निवृत्तीनंतरही त्यांना स्वस्थता नव्हती. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानाची भूवैज्ञानिक पाहणी त्यांनी केली. तिचा ग्रंथ १८९८ साली निघाला. १८९४ मध्ये म्हैसूर संस्थानाने भूविज्ञान खाते स्थापिले, त्याची धुराही प्रथम त्यांच्याकडे होती. आयुष्यभर जमविलेला प्रागैतिहासिक वस्तूंचा संग्रह १९०४ साली मद्रासच्या संग्रहालयाने घेतला.

कोलारच्या खाणी तीन किलोमीटरहून अधिक खोल गेल्या आणि २००१ साली बंद झाल्या. रायचूर जिल्ह्यातील हट्टीची खाण धारवाडी खडकांतच, प्राचीन खड्ड्यांच्या जागी, आजही चालू आहे. फूट यांचे २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्यास निधन झाले. सेलमजवळील येरकाड या डोंगरगावी त्यांनी घर केले होते. त्यांचे स्मारक तेथेच आहे.